भावंडांचा डाव



स्मृतिव्याख्यान म्हटले की वक्ता सहसा जड विषयाकडे वळतो. जंगल, खाणी, विस्थापन, असे विषय माझ्याही मनात येऊन गेले. पण ज्या गुरुजींच्या नावाने ही माला चालते, ते शाळा सुटल्यावर लगेच घरी जात नसत. मैदानाच्या कडेला उभे राहून पोरांचा डाव बघत. त्यांच्या लेखी मुलांचा खेळ ही किरकोळ बाब नव्हती. म्हणून आज मी भावंडांच्या खेळाविषयी बोलणार आहे, आणि मुख्यतः आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीपुरतेच बोलणार आहे. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. खेळांच्या बाबतीत तो अजूनही एकच आहे.

भावंडांत माया असते म्हणून ती एकत्र खेळतात, असा आपला समज. मला हा क्रम उलटा दिसतो. आईबाप कामावर असतात, धाकट्याला सोबत घ्यावेच लागते. त्याला घेऊन खेळायचे तर नियम वाकवावे लागतात. किती वाकवायचे यावरून भांडणे होतात, रुसवे होतात, तडजोडी होतात. माया तयार होते ती या रगाड्यात. एकाच छपराखाली वाढलेली, पण कधी एकत्र न खेळलेली भावंडे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. वाटणीच्या वेळी ती परक्यासारखी बोलतात.

आपल्याकडे हा रगाडा सर्वांत जास्त दिसतो तो रोवण्याच्या दिवसांत. आषाढ-श्रावणात ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी, वडसा या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात दुपारी जा. बाया बांधीत वाकलेल्या, पुरुष पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहताहेत, गावात उरल्या त्या म्हाताऱ्या आणि पोरे. मोहाच्या दिवसांतही तेच. पहाटे टोपली घेऊन आई निघून जाते आणि झोपेतून उठलेल्या धाकट्याचे तोंड धुवायला मोठी बहीण उरते. मे महिन्यात तेंदूपत्ता लागला की सगळे घरच पानांभोवती बसते. आपल्याकडे एक पुडा ७० पानांचा. पाने जुळवताना सात-आठ वर्षांची पोर मोठ्याने मोजत असते आणि शेजारी बसलेला भाऊ मुद्दाम मध्येच भलता आकडा पुटपुटतो. ती ‘एकेचाळीस’ म्हणते, हा हळूच ‘अठ्ठावन्न’ म्हणतो. ती चुकते, चिडते, पाने त्याच्या अंगावर फेकते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. थोड्या वेळाने ती शहाणी होते. ओठ मिटून मनात मोजू लागते आणि त्याचीच मोजणी बिघडवायला लागते. पोटासाठीच्या कामाचा असा खेळ फक्त भावंडेच करू शकतात. शेजारच्या पोराने तेच केले असते तर आईपर्यंत तक्रार गेली असती.

आता गेडी घ्या. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन सरळ बांबू, जमिनीपासून हात-दीड हातावर पाऊल टेकवायला एकेक आडवा तुकडा, तो दोरीने कचकचून बांधलेला. पावसाळ्यात वाटा चिखलाने भरल्या की पोरे गेडीवर चढतात. छत्तीसगडात हरेली अमावास्येशी गेडीचे नाते जुने आहे आणि सीमेवरच्या कोरची-कुरखेड्यालाही ती अनोळखी नाही. गेडी दुकानात मिळत नाही. बांबू आणायचा, तासायचा, बांधायचा, हे काम मोठ्या भावाचे. धाकट्याच्या गेडीची खुंटी वीतभर उंचीवर असते. पुढच्या वर्षी दोरी सोडून ती चार बोटे वर बांधतात. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वर. कुणाची खुंटी किती वर गेली यावरून पोरांची चढाओढ चालते, आणि ती कधी वर न्यायची हे ठरवतो मोठा भाऊ.

शिकवण्याची रीतही बघण्यासारखी असते. धाकटा बांबू घट्ट धरून चढतो. मोठा त्याच्याकडे तोंड करून उभा राहतो, दोन्ही बांबू वरून धरतो आणि स्वतः उलट्या पावलांनी मागे सरकत धाकट्याला चालवतो. चार पावले, आठ पावले, आणि मग न सांगता हात सोडतो. धाकटा दोन पावले तोऱ्यात टाकतो आणि चिखलात बसतो. रडत आईकडे जावे तर आई बांधीत. मग तो भावावरच धावून जातो, दोन गुद्दे घालतो आणि त्याच्याच खांद्याला धरून पुन्हा चढतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याचे तुम्हाला वेगळे सांगायला नको. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असे परंपरा सांगते. चाकांचा लाकडी बैल घरात एकच असतो. तो मोठ्याचा असतो आणि मग धाकट्याचा होतो, मधल्या काळात शिंगांना नवा रंग लागतो. बैल दारोदार नेला की बोजारा मिळतो. त्या पैशांची वाटणी घरी येऊन होते आणि ती कधीच सरळ होत नाही. दोरी कोणी ओढली, बैल कोणाचा, पाया कोण पडला, हे सगळे मुद्दे मांडले जातात. मी अनेक ग्रामपंचायतींच्या सभा ऐकल्या आहेत. इतका कसून झालेला हिशेब तिथे क्वचित ऐकला.

माझ्या म्हणण्याचा गाभा मात्र एका छोट्या प्रथेत आहे. ही प्रथा महाराष्ट्रभर आहे: कच्चा लिंबू. लिंगोरचा चालू असतो किंवा झाडावरची डाबडुबली, आणि चार वर्षांची बहीण येऊन उभी राहते. “मले बी घे ना.” भाऊ म्हणतो, “तुले पळता येते का?” घरातून आईचा आवाज येतो, घे तिले. मग तोडगा निघतो. ती खेळेल, पण तिच्यावर राज्य येणार नाही. ती बाद झाली तरी बाद नाही. तिच्या पाठीत चेंडू हळूच मारायचा. दहा वर्षांच्या पोराने एका मिनिटात केलेला हा कायदा नीट तपासून पाहा. त्याने खेळ मोडला नाही, दुबळ्याला बाहेर ठेवले नाही आणि तिला खोटेच जिंकूही दिले नाही. तिला जागा दिली, पण तिची खरी कुवत तिच्यापासून लपवली नाही. आमचे कायदेमंडळ हे तिन्ही एकाच विधेयकात साधेल का, मला शंका आहे.

आणि या कायद्याला मुदत असते. एक दिवस ती बहीण स्वतःच म्हणते, “मी कच्चा लिंबू नाही. माझ्यावर राज्य येऊ दे.” भाऊ त्या दिवशी तिला पहिल्यांदा खरोखर बाद करतो. ती रडते, पण तक्रार करत नाही. बरोबरीचे मानून हरवणे हाही जिव्हाळ्याचाच प्रकार आहे, आणि तो परक्यांकडून सहसा मिळत नाही.

ज्यूडी डन आणि कॅरल केंड्रिक या दोन संशोधिकांनी केंब्रिज परिसरातल्या ४० कुटुंबांत जाऊन, घरी दुसरे मूल आल्यावर पहिले मूल कसे वागते हे पाहिले आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच माया आणि मत्सर शेजारी शेजारी आहेत. दोन-तीन वर्षांचे मूलही भावंडाला काय आवडते, कशाने ते चिडते हे नेमके ओळखते. हे ज्ञान ते समजूत काढायला वापरते आणि चिडवायलाही, हे त्यांनी दाखवून दिले. तेंदूपानांच्या ढिगापाशी ‘अठ्ठावन्न’ म्हणणारा आपला पोर तेच करत असतो. थॉमस वाइझनर आणि रोनाल्ड गॅलिमोर यांनी १९७७ साली जगातल्या अनेक समाजांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लहानग्यांची राखण मोठ्या भावंडांकडे असणे ही सर्वत्र आढळणारी रीत असल्याचे दिसले. आईच एकटी मूल सांभाळते हे चित्र जगाच्या मानाने नवे आणि शहरी आहे.

इथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. ही राखण बहुतेक करून मुलीच्या कडेवर असते. बहीणभावाच्या खेळाचे गोडवे गाताना आपण विसरतो की आठ वर्षांच्या मुलीचा खेळ तिच्या कडेवरच्या पोराने ठरवलेला असतो. मुलगे नदीवर, बोडीत, झाडावर. मुली पाच खडे, चिंचोके, फार तर ठिकरी खेळणार, म्हणजे मांडीवर पोर घेऊन बसल्या बसल्या किंवा त्याला दोन मिनिटे खाली ठेवून खेळता येतील तेवढेच खेळ. मुलींना बैठे खेळ आवडतात असे काही जण अजून लिहितात. त्यांनी एकदा ते पोर स्वतःच्या कडेवर घेऊन डाबडुबली खेळून पाहावी. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईचा महिना असतो, तेव्हा मात्र या मुलींना हक्काची संध्याकाळ मिळते. गाणी संपली की झाकलेल्या डब्यात खाऊ काय आहे ते ओळखायचे. डबा हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा. त्या वेळी घरातले भाऊ दारात घुटमळत असतात आणि बहीण त्यांना डोळ्यांनी खूण करून फोडाणे आहेत की मुरमुरे ते कळवते. फितुरी खरी, पण घरातली.

माडिया आणि गोंड पाड्यांत भावंड या नात्याचा पैसच मोठा आहे. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळांची मांडणी, आणि समान देवसंख्येची कुळे एकमेकांची भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. त्यामुळे पाड्यावरची अर्धीअधिक पोरे एकमेकांची भावंडेच लागतात आणि कडेवरचे पोर कोणाच्या कडेवर आहे हा प्रश्न तितका मोठा राहत नाही. गोटुलाच्या अंगणात रेला सुरू झाला की हात गुंफलेल्या रांगेच्या शेपटीला लहान पोरे लोंबकळतात. पाय चुकतात, कोणी रागावत नाही. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरातल्या मुरियांवर व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पोरांच्या खेळांनाही जागा आहे. आपल्या बाजूच्या माडिया खेळांची अशी सविस्तर नोंद व्हायला हवी. गोंडवाना विद्यापीठातल्या तरुणांनी हे मनावर घ्यावे.

भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाचा उल्लेख इथे टाळता येणार नाही. २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्याआधीची गोष्ट आनंदवनातली. १९४७ साली जन्मलेले विकास आणि १९४८ साली जन्मलेले प्रकाश, हे बाबा आमटे आणि साधनाताईंचे दोन मुलगे वरोऱ्याजवळच्या त्या खडकाळ माळावर वाढले. कुष्ठरोगाच्या भीतीने बाहेरचा समाज तिकडे फिरकत नव्हता. अशा ठिकाणी दोन भावांना एकमेकांइतका जवळचा सवंगडी दुसरा कुठून मिळणार? पुढे एकाने आनंदवन सांभाळले आणि दुसरा हेमलकशाला गेला. हेमलकशात दिगंत, अनिकेत आणि आरती ही पुढची पिढी माडिया मुलांबरोबर वाढली, आणि अनाथ झालेल्या वन्य पिल्लांबरोबरही. विलास मनोहरांचे ‘नेगल’ ज्यांनी वाचले त्यांना तिथला बिबट्या माहीत आहे.

भावंडांच्या खेळातून संस्थाही उभी राहते. आपल्याच विदर्भात, अमरावतीला, १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या भावांनी हनुमान आखाडा काढला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. मुंबईत खाडिलकरांच्या घरी वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणी बुद्धिबळ खेळत. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, पहिले विजेतेपद वासंतींनी मिळवले आणि पुढे दशकभर ते त्या घरातच फिरत राहिले.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते क्रिकेट खेळणाऱ्या पालवणकर भावांचे उदाहरण. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. चर्मकार कुटुंब, वडील लष्करात नोकरीला. पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूवर थोरल्या दोघांनी हात बसवला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. त्याच संघात शिवरामही होते. मैदानावर बाळूंचा चेंडू चालायचा, पण चहा मात्र तंबूबाहेर वेगळ्या भांड्यात मिळायचा. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. १९२० च्या स्पर्धेत बाळूंना डावलले गेले, नेतृत्वात या भावांचा हक्क पुन्हा नाकारला गेला, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. मोठी खळबळ उडाली. अखेर अंतिम सामन्याला दोघे परतले ते बाळूंना उपकर्णधार केल्यावर. १९२३ साली विठ्ठल स्वतः हिंदू संघाचे कर्णधार झाले. पुढे त्यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्रही लिहिले. चौघांत कोण थोर खेळाडू याची चर्चा क्रिकेटवाल्यांनी करावी. भावाला संघात मान नाही तर आम्हीही खेळणार नाही, हे ठरवण्याचे बळ सामन्याच्या दिवशी अचानक येत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता आजचे बोलू. मोबाइलला शिव्या देणे सोपे आहे, त्या मी इतरांसाठी सोडतो. आपल्या दोन जिल्ह्यांत भावंडांचा खेळ तुटण्याची कारणे त्याहून जवळची आहेत. पहिले, वाघ. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत, सिंदेवाही-मूल-सावलीच्या पट्ट्यात, संध्याकाळी बोडीच्या पाळीवर पोरे पाठवायला आई धजावत नाही, आणि तिचे चुकत नाही. २०२२ साली तर चंद्रपूर शहराला लागून असलेल्या दुर्गापूर परिसरातही वाघ-बिबट्याने माणसे मारली. पूर्वी जंगलाच्या कडेवर चालणारा खेळ आता सिमेंटच्या रस्त्यावर, विजेच्या खांबाखाली आला आहे.

दुसरे कारण आपण स्वतः केलेले आहे: वयोगट. चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील, एकोणीस वर्षांखालील, मुले वेगळी, मुली वेगळ्या. स्पर्धेसाठी हे योग्यच आहे. संघटित खेळाने आपल्या मुलांना काय दिले हेही मी जाणतो. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे आदिवासी विद्यार्थी मिशन शौर्यमधून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, तेव्हा सगळ्या जिल्ह्याची मान उंचावली. मुलींना तर मैदान मिळाले ते शाळेच्या कबड्डी-खो-खोमुळेच. कडेवरचे पोर तिथे खाली उतरले. पण वयोगट स्पर्धेपुरता न राहता रोजच्या मैदानावर येऊन बसला. आठवीतली बहीण आणि तिसरीतला भाऊ आता एका डावात कधीच नसतात. कच्चा लिंबू ही जागाच उरली नाही, कारण प्रत्येक जण आपल्या वयाच्या पोरांशीच खेळतो.

आश्रमशाळेत हे जास्त टोचते. एटापल्ली, धानोरा, जिवती अशा तालुक्यांतल्या पाड्यांवरून एकाच घरातली दोन-तीन भावंडे एकाच निवासी शाळेत येतात. मुलांचे वसतिगृह वेगळे, मुलींचे वेगळे, वर्ग वेगळे, मैदानाची वेळ वेगळी. बहीणभावाची भेट होते जेवणाच्या रांगेत. मी एका शाळेत पाहिले. रांगेत पुढे असलेल्या मुलीने मागे वळून एका लहान मुलाच्या सदऱ्याचे बटण लावले आणि ताट घेऊन निघून गेली. दोघे एका शब्दाने बोलले नाहीत. ते दिवाळीपर्यंत एकत्र खेळणार नव्हते.

म्हणून माझे मागणे फार छोटे आहे, आणि ते थेट मुख्याध्यापकांकडे, अधीक्षकांकडे आणि गावोगावच्या मंडई समित्यांकडे आहे. निवासी शाळांत रविवारी एक तास भावंडांसाठी मोकळा ठेवा. वयोगट नको, शिट्टी नको, प्रमाणपत्र नको, आणि कृपा करून त्याचा फोटो कोणाला पाठवू नका. शिक्षकांनी कडेला उभे राहायचे, खेळ शिकवायचा नाही. भांडण झाले तर रक्त येईपर्यंत मध्ये पडायचे नाही. ज्याला भावंड नसेल त्याला कोणीतरी आपल्यात घेईल. पोरांना ते सांगावे लागत नाही. आणि भाऊबीजेपासून आपल्याकडे मंडई सुरू होते, लेकी माहेरी येतात, रात्री दंडार आणि वडशाची नाटके असतात, दिवसा कबड्डीचे सामने. त्या सामन्यांच्या आधी मैदान तासभर पोरांना द्या. ज्यांचे लग्न झाले त्या बहिणींनाही त्यात उतरू द्या.

खर्च काहीच नाही. गेडीला बांबू लागेल, तर २०११ साली मेंढा (लेखा) गावाला बांबूवाहतुकीचे परवाने मिळाल्यापासून तो प्रश्नही सुटायला लागला आहे. आपल्याकडच्या पुष्कळ ग्रामसभांकडे आज त्यांच्या स्वतःच्या हक्काचा बांबू आहे. त्यातले दोन-चार पोरांसाठी बाजूला काढा.